मंजूर फाईलचं शेपूट

आमच्या सोलापुरात कुणाचा सत्कार करायचा झाला तर टॉवेल-टोपी देतात. आणि ज्याचा सत्कार अजून कुणीच करत नाही, तो स्वतःच टॉवेल वाटत सुटतो. त्या टॉवेलावर त्याचं नाव असतं, तेही छापलेलं नव्हे, धाग्यात विणलेलं. वर 'भावी नगरसेवक', खाली नाव. काही जण इतकी वर्षं भावी आहेत, की त्यांच्या पहिल्या टॉवेलांची आमच्या घरात फरशीपुसणी झाली आणि माणूस अजून भावीच.

मी या टॉवेलांविरुद्ध पत्रक काढलं होतं. पत्रकं काढणं हे माझं कामच आहे. चार टाळक्यांची आमची एक संघटना आहे, आणि त्या चारांपैकी लिहिणारी मी एकटी. "अंग पुसायला नाव नको, अंघोळीला पाणी द्या!" असा मथळा होता, खाली मागण्या. आमच्या वस्तीत नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. टॉवेल मात्र दारात आणून देतात. पत्रक मी चौकात उभं राहून वाटलं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या गाड्यावर त्याच पत्रकात भजी बांधून मिळत होती. आमच्या मागण्या तेलात भिजून आरपार दिसायला लागल्या होत्या. प्रशासनाचा एवढा पारदर्शक कारभार मी परत कधी पाहिला नाही.

त्याच आठवड्यात वहिनी कामावरून आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "वन्सं, एक सांगते, पण ओरडायचं न्हाय."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दुधनीची. तिकडं घरात कानडी आणि दारात मराठी, त्यामुळं तिला दोन भाषांत भांडता येतं. अक्कलकोट रोडला टॉवेलचा एक कारखाना आहे, त्यात ती घडी खात्यात होती. घडी खातं म्हणजे मागावरून आलेला टॉवेल झटकायचा, घडी घालायची, चिठ्ठी लावायची, पुढचा घ्यायचा. दिवसभर उभ्यानं. तिथं बायकांना साधं बाकडं नाही. बसायला दिलं की माणसं बसतात, असं तिथल्या मॅनेजरांचं मत आहे. वहिनीच्या टाचा रात्री इतक्या ठणकायच्या की ती भिंतीला पाय लावून झोपायची.

"सांग," मी म्हणाले.

"आमचा डिझाइनवाला काम सोडून गेला. मालकानं मला बसवलंय. टॉवेल करायचाय, भावी नगरसेवकाचा."

मी ओरडले. नाही ओरडायचं असं मी कबूल केलं नव्हतं.

"तुमचं झालं?" ती म्हणाली. "पाण्याचं पत्रक तुमी लिवा, टॉवेल मी करते. पाणी आलं की दोन्हीचं काम पडतंय की. आणि हे बगा, मालक म्हणालेत, ही ऑर्डर नीट निगाली तर बाई खुर्चीवर, न्हाय निगाली तर बाई परत घडीवर."

खुर्ची म्हणजे काय, तर चाकं असलेली, एक हात तुटलेली, फाटक्या रेक्झिनची खुर्ची. पण ती खुर्ची होती. मी माझं तत्त्व गिळलं. फार मोठं नव्हतं, गेलं खाली.

आता वहिनीला हे डिझाइन कुठून आलं? आमच्या विहारात अभ्यासिका आहे, तिथं देणगीत आलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. मी तिला टाइप करायला शिकवायला नेलं. तिला टायपिंगचा कंटाळा आला, ती चित्र काढायच्या खिडकीत शिरली आणि चौकोन चौकोन भरून तिनं मोर काढला. घडी खात्यात रोज टॉवेल बघून बघून तिला कळलं होतं, की टॉवेलावरची फुलं ही अशीच चौकोनांची असतात. पुढं अभ्यासिकेतली पोरं तिच्यापुढं आपल्या मंडळाच्या नावाची अक्षरं काढून घ्यायला रांग लावायची, ते मालकांच्या कानावर गेलं होतं.

मागाचं गणित सरळ आहे. मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचा सांगाडा असतो; कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे तो ठरवतो. पूर्वी त्याला भोकं पाडलेले पुठ्ठे घालायचे. आता बाजूला एक डबा असतो, त्यात पेन ड्राइव्ह खुपसायचा. डबा चित्र वाचतो. काळा चौकोन, धागा वर. पांढरा चौकोन, धागा खाली. राखाडी त्याला कळत नाही. आणि हा डबा एकाच प्रकारचं चित्र मानतो, बीएमपी. दुसऱ्या प्रकारचं चित्र त्याच्या यादीत दिसतच नाही.

वहिनीनं दोन दिवस बसून अक्षरं काढली. 'भावी' मोठं, 'नगरसेवक' त्याहून मोठं, नाव सगळ्यात मोठं, कडेला दोन्हीकडं कमळाच्या वेलीसारखी काहीतरी नक्षी. ती नक्षी पक्षाची वाटू नये म्हणून तिनं पाकळ्या कमी केल्या. तिचं म्हणणं, "भावी हाय, कुठल्या पक्षात जाईल सांगता येत न्हाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे माग खडखडत होते, तरी तिचा आवाज बारीक येत होता.

"वन्सं, डब्यात माझी फाईल दिसत न्हाय म्हणं. मॅनेजर म्हणतेत बाईला बीएमपी करता येत न्हाय. उद्या दुसरा माणूस बोलवायलेत."

"तू बीएमपीच केली होतीस ना?"

"माझ्या डोळ्यांदेखत केली! माझ्या हातानं!"

मी भावाची गाडी काढली. अक्कलकोट रोडपर्यंत माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. मथळा: "कष्टकरी स्त्रीच्या प्रगतीला सुरुंग!" उपमथळा: "डिझाइनची फाईल कुणी पळवली?" उत्तर मला रस्त्यातच सापडलं होतं, मॅनेजर. कारखान्याच्या फाटकात पोचेपर्यंत नुसत्या सह्या घ्यायच्या राहिल्या होत्या.

ऑफिस म्हणजे मागांच्या शेडच्या कोपऱ्यातली काचेची खोली. कॉम्प्युटरच्या डब्याला दसऱ्याचं हळदीकुंकू अजून होतं, वर झेंडूचा वाळका हार. त्याची पूजा होते, त्यामुळं त्याला प्रश्न विचारायची पद्धत नाही. वहिनी खुर्चीच्या मागं उभी होती. खुर्चीत मॅनेजर होते. उंच, बारीक, खिशाला चार पेनं, घरचे तेलुगू, मराठी आमच्यासारखंच सोलापुरी.

"या पत्रकवाल्या ताई," ते म्हणाले. "काय मोर्चा आणायलाय काय?"

"फाईल दाखवा."

"बघा की. आम्ही कुठं लपवायलोय."

त्यांनी फोल्डर उघडलं. त्यात दोन चित्रं शेजारी शेजारी होती. दोन्ही तीच अक्षरं, तीच वेल, जुळ्या बहिणींसारखी. एकीच्या खाली नाव होतं 'टॉवेल फायनल'. दुसरीच्या खाली 'टॉवेल फायनल.bmp'.

"माझी ही हाय," वहिनीनं पहिलीवर बोट ठेवलं. "मगापासून सांगायलीय, ही घाला, ही घाला."

"तिच्या नावात बीएमपी आहे का?" मॅनेजर मला म्हणाले, साक्षीदार मिळाल्यासारखे. "नाही. हिच्या नावात आहे का? आहे. मग कुठली घालायची? शाळा शिकलाय ना तुम्ही?"

"मग दुसरी आली कुठून?" मी विचारलं.

तेव्हा कळलं. मॅनेजरांनी वहिनीचं चित्र व्हॉट्सअॅपवरून भावी नगरसेवकांना पसंतीला पाठवलं होतं. भावींनी तेच चित्र परत पाठवलं, खाली 'ओके' आणि हात जोडलेले. मॅनेजरांनी ते आलेलं चित्र उतरवून घेतलं, तेच नाव देऊन फोल्डरमध्ये ठेवलं आणि पेन ड्राइव्हमध्ये भरलं. डब्यात दिसेना. माग बघणारा जॉबर म्हणाला, बीएमपी पाहिजे. तर यांनी नावाच्या पुढं टिंब देऊन बीएमपी असं टाइप केलं. तरी दिसेना.

"पण मुळात आलेलं चित्र का घातलं? हिनं केलेलं होतं की शेजारी!"

मॅनेजरांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं तलाठी ऑफिसात मूळ कागद घेऊन गेलेल्या माणसाकडं बघतात.

"ताई, पार्टीनं ओके केलेली फाईल ही आहे. ती दुसरी कुणी ओके केलीय? उद्या ते म्हणाले, मी मंजूर केलं ते हे नव्हंच, तर? मंजूर फाईलच मागावर गेली पाहिजे."

इथं मी हात जोडले. सोलापुरात काय, अख्ख्या महाराष्ट्रात राज्य याच विचारावर चाललंय. मूळ गोष्ट राहते बाजूला. तिच्या नकलेवर शिक्का बसला की नक्कल मोठी. माझे आजोबा आपण जिवंत आहोत हे दाखवायला स्वतः गेले, तेव्हा त्यांना सांगितलं होतं, तुम्ही आलात ते ठीक आहे, पण दाखला आणा.

सुरुंग वगैरे काही नव्हता. माझं अख्खं पत्रक वाया गेलं. पण राग गेला नाही, फक्त त्याला नवा पत्ता मिळाला.

कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाईलच्या नावाला शेवटी टिंब देऊन तीन-चार अक्षरं असतात. ती सांगतात की ही फाईल कुठल्या प्रकारची आहे: चित्र आहे की पत्र, गाणं आहे की विषाणू. एवढी महत्त्वाची गोष्ट. आणि कॉम्प्युटर घरी येतो तेव्हाच ती लपवलेली असते. ही सिस्टीम बनवणाऱ्यांनी सेटिंगमध्ये वाक्य काय लिहिलंय बघा: ओळखीच्या प्रकारांची अक्षरं लपवा. ओळखीच्या म्हणजे कुणाच्या ओळखीच्या? यंत्राच्या! यंत्राला माहीत आहे, तर तुम्हाला दाखवायची काय गरज? महानगरपालिका पण असंच म्हणते. पाणी कधी सुटणार ते आम्हाला माहीत आहे.

"सरका," मी मॅनेजरांना म्हणाले.

खिडकीच्या वरच्या पट्टीत 'व्ह्यू' असतं. त्यात 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' अशी ओळ, आणि तिच्यासमोर रिकामा चौकोन. त्यात टिक करायची. बस. याला इंजिनिअर लागत नाही. मी टिक केली.

फोल्डरमधल्या सगळ्या नावांना एकदम अक्षरं फुटली. वहिनीची झाली 'टॉवेल फायनल.bmp'. आणि मंजूर फाईल झाली 'टॉवेल फायनल.bmp.jpg'.

"इदि एंटि?" मॅनेजर आधी तेलुगूत दचकले, मग मराठीत ओरडले. "हे काय शेपूट लावलं तुम्ही?"

"मी लावलं नाही. होतंच. तुम्ही बीएमपी लिहिलंत ते त्याच्या आधी जाऊन बसलं. खरं शेपूट जेपीजी. व्हॉट्सअॅपवरून आलं की चित्राचं हेच होतं."

वहिनी पुढं वाकली. स्क्रीनला जवळजवळ नाक लावून तिनं दोन्ही नावं वाचली, मग सरळ उभी राहिली आणि मॅनेजरांच्या डोक्यावरून, पंख्याकडं बघत म्हणाली, "बाईला बीएमपी करता येत न्हाय."

मॅनेजर सावरले. ते असल्या गोष्टींनी पडणारे नव्हते. "बरोबर आहे," ते म्हणाले, "पण ताई, एक विचारू? तुम्ही पत्रकात लिहिता, कुणाचं आडनाव विचारू नका, आडनावावरून माणूस ओळखू नका. मग या बिचाऱ्या फाईलचं आडनाव कशाला उघडं करायलाय?"

हे मात्र मला आवडलं. खोटं कशाला बोलू. एवढा चांगला मुद्दा आमच्या संघटनेच्या बैठकीत कुणी काढलेला नाही.

"माणसाचं आडनाव विचारून त्याला बाहेर बसवतात," मी म्हणाले. "या फाईलचं न विचारता तुम्ही माझ्या वहिनीला बाहेर काढायला निघाला होता."

त्यांनी खिशातली पेनं सारखी केली. पण मंजुरीचा हट्ट त्यांनी सोडला नाही. वहिनीची फाईल घालायची नाहीच. मंजूर फाईलच उघडून तिची खरोखरची बीएमपी करायची, म्हणजे मंजुरीही राहिली आणि बीएमपीही झाली. वहिनी म्हणाली, साहेब, नका. त्यांनी केली. डब्यात नाव दिसलं. मॅनेजरांनी अभिमानानं माग चालू करायला लावला.

झालं असं, की चित्र व्हॉट्सअॅपवरून येताना चेंगरून येतं, आणि काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर राखाडी धुरळा बसतो. डोळ्याला दिसत नाही. डब्याला दिसतो, आणि राखाडीचं काय करायचं ते न कळल्यानं तो मनाला येईल तसा धागा वर-खाली करतो. हात-दोन हात टॉवेल विणून झाला आणि भावी नगरसेवकांच्या नावाला मुंग्या लागलेल्या दिसल्या. प्रत्येक अक्षराभोवती मुंग्या. 'भावी'वर सगळ्यात जास्त.

त्याच वेळी मालक आले. मालक म्हणजे पांढरे कपडे, पांढरे बूट, टेबलावर कागद दिसला की अंगावर काटा येणारा माणूस. त्यांनी तो तुकडा उचलला, उजेडात धरला.

"काय झालंय याला? कसर लागलीय?"

मॅनेजर म्हणाले, "मंजूर फाईल आहे, मालक."

"मंजूर कसर?"

मालकांनी त्यांना वहिनीची फाईल घालायला लावली. संध्याकाळी टॉवेल निघाला, तो असा की नक्षीच्या पाकळ्या मोजून घ्याव्यात. वहिनीनं तो हातात घेतला, सवयीनं झटकला आणि घडी घातली. मग तिला आठवलं की आता घडी घालायचं काम तिचं नाही, म्हणून तिनं ती मोडली.

इथं संपायला हवं होतं. पण जाता जाता मालकांची नजर स्क्रीनवर गेली.

"ही काय घाण? सगळ्या नावांना काय लोंबतंय?"

"ताईंनी शेपटं लावलीत," मॅनेजर म्हणाले.

"काढून टाका. स्वच्छ दिसलं पाहिजे."

मी तेव्हा हातपाय धुवायला बाहेर नळावर गेले होते. नंतर गाडीवर वहिनीला मागं बसवून घरी आले, वाटेत दोघींनी भडंग खाल्लं, तेव्हा तिनं हे सांगितलं. टिक काढून टाकणार असतील, तर काढू देत, मला वाटलं. उद्या परत करू. आम्ही आंदोलनवाल्यांनी एक गोष्ट गृहीत धरायला नको असते, ती म्हणजे समोरचा साधी टिक काढेल.

मॅनेजरांनी टिक काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी एकेका फाईलवर जाऊन शेपूट खोडलं. हातानं. एकेक. प्रत्येक वेळी यंत्रानं विचारलं, की असं केलंत तर फाईल निकामी होईल, नक्की करू का? आणि प्रत्येक वेळी त्यांनी हो म्हटलं. कागद पुढं आला की कुठं सही करायची एवढंच विचारायचं, वाचायचं नाही, अशी आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. तीच सवय त्यांच्या बोटात होती. वहिनी तेव्हा शेडमध्ये मागापाशी होती.

दुपारी हातरुमालाचं डिझाइन लावायची वेळ आली, त्याच ऑर्डरचा दुसरा भाग. वहिनीनं फोल्डर उघडलं. चित्रं गेली होती. ओळीनं पांढरे कोरे कागद उभे होते. कारखान्याची सगळी जुनी डिझाइनं, वहिनीचा हातरुमाल, सगळं. पेन ड्राइव्हमध्ये भरलं तर डब्यात काही दिसेना. माग उभा.

"बघा!" मॅनेजर म्हणाले. "काल ताई आल्या, टिक केली, आज सगळं बसलं."

मालकांनी तेच उचललं. दिसत नव्हतं तोवर चालू होतं. दाखवलं आणि बंद पडलं. मग दोष दाखवणाऱ्याचा. गटाराचा फोटो काढला की वस्तीची बदनामी होते, तसं. वहिनीला सांगण्यात आलं, जा घडीला. ती गेली. मला फोनसुद्धा केला नाही. संध्याकाळी घरी येऊन भिंतीला पाय लावून पडली आणि तेव्हा सांगितलं.

"मला का नाही बोलावलंस?"

"तुमी येऊन परत काय तर उघडं केलं असतं," ती म्हणाली. मग हसली, पण डोळे छताकडं. "खुर्ची मऊ होती हो वन्सं. चाकं असली तरी हलत नव्हती, मी पाय रोवून बसायचे."

सकाळी मी तिच्याआधी फाटकात होते. मालकांना भेटायचंय म्हटलं, तर अकरापर्यंत बसवून ठेवलं. या वेळी मागण्या लिहूनच नेल्या होत्या. पण त्यांची वेळ आली नाही, कारण मी आत गेले तेव्हा मालक स्वतःच मॅनेजरांवर ओरडत होते. त्यांच्या नातवाच्या बारशाचे फोटो त्याच फोल्डरमध्ये होते. तेही कोरे झाले होते. कारखान्याची डिझाइनं गेली तेव्हा बाई दोषी होती; नातू गेला तेव्हा मॅनेजर दोषी झाले. याला म्हणतात चौकशी.

"मी परत आणून देते," मी म्हणाले. "पण वहिनी बसेल खुर्चीवर. मी शेजारी उभी राहीन."

आणि आम्ही कामाला लागलो. काही जादू नव्हती. फाईल मेलेली नसते, फक्त तिला कुठल्या दारानं न्यायचं ते यंत्राला कळेनासं होतं. मी मोबाइलवर शोधलं, प्रत्येक फाईलचं वजन, म्हणजे साइज, दिसेल अशी मांडणी केली. वजनदार ती बहुतेक बीएमपी, हलकी ती जेपीजी. मी वजन वाचायचं, वहिनीनं शेपूट लावायचं, उघडून बघायचं. नाही उघडलं तर दुसरं शेपूट.

"ही भरली आहे, बीएमपी."

"ही?"

"ही पोकळ. व्हॉट्सअॅपचीच दिसतीय. लाव जेपीजी."

बारशाचा पहिला फोटो उघडला तेव्हा मालक मागं येऊन उभे होते. टोपडं घातलेलं पोर रडत होतं. मालकांनी त्याच्याकडं बघून "आं आं" केलं, फोटोतल्या पोराला. मग हातरुमाल उघडला, पेन ड्राइव्हमध्ये गेला, डब्यात दिसला आणि माग खडखडायला लागला.

"छान," मालक म्हणाले. "आता ती टिक काढा. शेपूट दिसायला नको, खोडायलाही नको. स्वच्छ."

मी तोंड उघडलं. मागण्यांचा कागद खिशात होता. पहिली मागणी, माहिती हा अधिकार आहे. वहिनीनं माझ्या पायावर पाय दिला.

"काढते की मालक," ती म्हणाली. तिनं टिक काढली. फोल्डर स्वच्छ झालं. मग तिनं हातरुमालाच्या डिझाइनची एक जेपीजी प्रत त्याच नावानं शेजारी करून ठेवली. दोन चित्रं, दोन नावं, सगळं सारखं. ती खुर्चीतून उठली.

"मालक, आता तुमीच बोट ठेवा. यातली मागावर कुठली घालू?"

मालकांनी बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. मॅनेजर दुसरीकडं बघायला लागले. मालकांनी डावीकडच्या चित्रावर बोट ठेवलं.

वहिनीनं परत टिक केली. डावीकडची बीएमपी होती.

मी डोळे मिटून घेतले. चळवळीत असे दिवस येतात. दोनातली एक निवडायची, आणि माणूस नेमका बरोबर निवडतो.

"बघितलं?" मालक खुश होऊन म्हणाले. "अनुभव म्हणतात याला. शेपटाची गरज नाही."

"न्हाय की," वहिनी म्हणाली, एकदम गरिबीनं. "मग मालक, रोज सकाळी माग सुरू व्हायच्या आत तेवढं येत जावा. बोट ठेवायला. आमाला अनुभव न्हाय."

माग सकाळी सातला सुरू होतात. मालक अकराच्या आधी कारखान्यात आलेले कुणी पाहिलेले नाहीत. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, मग स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडं.

"राहू दे शेपूट," ते म्हणाले. "आणि तू पण राहा. पण फोल्डर नीट ठेव."

ती अजून त्याच खुर्चीवर आहे. तुटलेल्या हाताला तिनं सूत गुंडाळलंय. मॅनेजर बदलले नाहीत, पण पार्टीचा फोन आला की त्यांचा आवाज ऑफिसच्या काचेबाहेर येतो: "फोटो नको हो साहेब, फाईल पाठवा फाईल. शेपटासकट पाठवा!" विहाराच्या अभ्यासिकेत आणि वस्तीतल्या झेरॉक्सवाल्याकडं ती टिक मी स्वतः जाऊन केली. पत्रकही काढलं. मथळा साधा ठेवला. भजीवाल्याकडं ते गेलंय का, ते मी मुद्दाम बघायला गेले नाही.

भावी नगरसेवकांनी टॉवेल वाटले. मुंग्या लागलेला तो पहिला तुकडा कुणाला देता येईना, म्हणून वहिनी तो घरी घेऊन आली. शिवून त्याचा बरा टॉवेल झाला. पाणी चांगलं शोषतो. परवा नळ आला, सगळ्यांच्या अंघोळी झाल्या आणि तो तारेवर वाळत पडला, नाव रस्त्याकडं. समोरच्या काकू पाण्याची घागर कडेवर घेऊन थांबल्या.

"काय गं, तू पण त्यांच्यात गेलीस?"

मी धावत आत आले. "वहिनी, तो टॉवेल उलटा टाक! नाव आत कर!"

वहिनी जेवत होती. पाय लांब सोडून, निवांत.

"का म्हणून? दिसू द्या की," ती म्हणाली. "लपवायचं न्हाय, असं तुमीच म्हणता न्हवं?"